खंडेनवमीच्या अक्षता

आमच्या प्लेनोच्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज होतं, आणि त्यात गाडी कधी उभी राहिल्याचं मला आठवत नाही. गाड्या बाहेर टेक्ससच्या उन्हात भाजत पडायच्या आणि आत बाबांचं राज्य असायचं. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर वस्तू घट्ट पकडून धरणारा व्हाइस, भिंगाचा दिवा, आणि स्क्रूंचे इतके लहान लहान खण की आई म्हणायची, एवढे डबे माझ्या मसाल्यांना असते तर मी हॉटेल काढलं असतं. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायला एकच दार होतं आणि ते नीट लागायचं नाही. त्यामुळे फोडणीचा वास तिकडे जायचा आणि बंदुकीच्या तेलाचा इकडे यायचा. मला अजूनही पाटोडीच्या रश्शाबरोबर तो तेलाचा वास आठवतो. मी नागपुरात जन्मले, सातव्या वर्षी इथं आले, आणि वास म्हटलं की मला आधी हे गॅरेजच आठवतं.

बाबा टेलिकॉम कंपनीत इंजिनियर होते. स्वभावानं इतके मवाळ की अंगणातल्या मुंग्यांवर औषध मारायचं तर आधी त्यांना साखर घालून दुसरीकडे नेता येईल का, याचा विचार करणारे. अशा माणसाला रायफल जुळवण्याचा नाद लागला तो शेजारच्या डेलमुळे. डेल चाळीस वर्षं विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाला होता. मोठ्या माणसाला नावानं हाक मारायची नाही असा आईचा दंडक, म्हणून तो आमचा डेलकाका झाला. काका म्हणजे बापाचा भाऊ हे कळल्यावर त्यानं दोन दिवस विचार केला आणि मग आपल्या टपालपेटीवर मार्करनं ‘काका’ असं इंग्रजीत लिहून टाकलं. संध्याकाळी त्याच्या लेथची बारीक घरघर कुंपणापलीकडून यायची. ती ऐकत मी अभ्यास करायचे.

रायफल जुळवायची म्हणजे भाग रीतसर दुकानातून आणायचे आणि कुठला भाग कुठल्याशी जोडायचा ते आपण ठरवायचं. सगळी गंमत आणि सगळी भांडणं त्या ठरवण्यात. नळी जाड घेतली तर तापली तरी नेम हलत नाही, पण ती उचलून धरणाऱ्याचा खांदा भरून येतो. बारीक घेतली तर उचलायला बरी, पण दहा गोळ्यांनंतर नेम भटकायला लागतो. भाग एकमेकांत घट्ट बसवले तर गोळी वारंवार एकाच भोकातून जाते, पण चिमूटभर धूळ गेली की सगळं अडून बसतं. सैल ठेवले तर ती चिखलातही चालते, फक्त खुळखुळ्यासारखी वाजते. चाप हलका ठेवला तर बोटाच्या ओढीनं नेम ढळत नाही, पण मग चुकीला जागा उरत नाही. डेलकाका म्हणायचा, “तीन गोष्टी माग, दोन मिळतील. तिसरी मिळाली असं वाटलं तर समज, कुठंतरी फसलास.” आई हे पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि तिच्या भाषेत सांगायची, अति तिथं माती.

बाबांना तिन्ही हव्या होत्या. “दिवसभर ऑफिसात तडजोडच करतो ना मी,” ते आईला म्हणायचे. “घरी एक वस्तू बिनतडजोडीची असू दे.” यात माझा संबंध असा की बाबांचा उजवा डोळा अधू होता. बांधायची त्यांनी आणि चालवायची मी, अशी वाटणी होती. मी सोळा वर्षांची, काडीपैलवान, म्हणून रायफल हलकी हवी. मी नेमबाजीच्या ज्युनियर मॅचमध्ये उतरणार, म्हणून ती अचूकही हवी. दोन वर्षं ते माझ्या खांद्याचं आणि हाताचं माप घेत राहिले. एवढी मापं आईनं माझ्या ब्लाउजसाठीही घेतली नाहीत. शेवटी सगळं इतकं घट्ट आणि इतकं नेमकं बसवलं की डेलकाका हातात घेऊन मान हलवत राहिला. बाबांनी आणलेला हलका चाप बसवायला तो तयार नव्हता. बाबा आठवडाभर त्याच्या मागे लागले, तेव्हा त्यानं बसवून दिला आणि म्हणाला, “ही आता प्रयोगशाळेतली वस्तू झाली. हिच्यात वाळूचा एक कण जाऊ देऊ नकोस. अडकेल.” अडकेल हा शब्द मी ऐकून ठेवला.

कारण रेंजवरच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरच्या, सरावात माझे सगळे शनिवार त्या रायफलनं खाल्ले होते. त्या शरदात माझी मैत्रीण क्रिस्टी हिच्या तळ्याकाठच्या घरी शनिवार-रविवार राहायला सगळ्या मुली जाणार होत्या. मी पंधरा दिवस आधीपासून बाबांच्या मागे भुणभुण लावली. “बाबा, इट्स जस्ट वन सॅटरडे.” बाबा भिंगातून मान वर न करता म्हणाले, “मॅच तीन आठवड्यांवर आली मंजू. आणि या शनिवारी दसरा आहे. दसऱ्याला कोणी घर सोडून जातं का?” मी म्हटलं, “पण रेंजवर जायला चालतं?” बाबा म्हणाले, “ते सीमोल्लंघन.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी जेवले नाही. आई म्हणाली, “काय करून राहिली तू? अन्नावर कशाला राग?” मी फाइन म्हणून दार आपटलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आईला ती रायफल डोळ्यांसमोर नको असायची. वर्षभर ती गॅरेजच्या दारातून चहा आत सरकवायची, पण टेबलाकडे बघायची नाही. मात्र खंडेनवमीला तिचा न्याय वेगळा. “घरात आहे ना? मग तिची पूजा होईल,” असं म्हणून तिनं पाट मांडला. विळी, शिवणाच्या मशीनची कात्री, बाबांचे स्क्रूड्रायव्हर, माझा शाळेचा कॅल्क्युलेटर, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या आणि मध्ये रायफल. डेलकाकाचा नियम होता की घरात रायफल ठेवायची तर रिकामी आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, मागे ओढून उघडी ठेवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं की आत काही नाही. तशीच ती पाटावर उघडी होती. आईच्या गॅसवर वडाभाताचे वडे होते, म्हणून तिनं हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. “सगळ्यांना वाहा, आणि मनापासून वाहा.”

मी विळीला कुंकू लावलं, कॅल्क्युलेटरला लावलं. रायफलवर अक्षता टाकताना एक दाणा घरंगळला आणि त्या उघड्या खाचेतून आत गेला. टिक असा बारीक आवाज आला. इथपर्यंत माझा दोष नाही. मग मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आईची पाठ होती आणि बाबा वर अंघोळीला गेले होते. मी चिमटीतले आणखी दोन दाणे त्याच खाचेवर धरले आणि सोडले. रायफल रेंजवर अडकेल, बाबा तासभर खटपट करतील, मग आपण घरी येऊ आणि दुपारी मला तळ्यावर जाता येईल, एवढाच हिशेब होता. पन्नाशी ओलांडल्यावर आज मी लोकांच्या शरीराला जोडायची यंत्रं बनवते आणि अपघात कसे होतात ते पोटापाण्यासाठी शोधते. मोठे अपघात मोठ्या दुष्टपणानं होतात असं मला आजवर आढळलेलं नाही. बहुतेक वेळा कोणाला तरी घरी लवकर जायचं असतं.

दसऱ्याच्या सकाळी बाबा नेहमीप्रमाणे रायफल खोलून साफ करायला आले, तर आईनं त्यांना अडवलं. “उत्तरपूजा झाल्याशिवाय हात लावू नका. माझी अंघोळ व्हायची आहे.” बाबा पाटासमोर हात बांधून बसून राहिले. आईची अंघोळ, मग नैवेद्य, मग आरती. ती पाटावर अक्षता टाकून पाट हलवते न हलवते तोच बाहेर डेलकाकाच्या ट्रकचा हॉर्न वाजला. बाबांनी घड्याळ पाहिलं, रुमालानं वरचं कुंकू पुसलं आणि रायफल तशीच पेटीत ठेवली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं असतं तर हे प्रकरण लिहायला लागलं नसतं. पेटीच्या कड्या लागल्याचे दोन आवाज झाले आणि मी बूट घालायला गेले.

डेलकाकाच्या ओळखीच्या एका शेतात, मातीचा उंच बांध घातलेली नेमबाजीची जागा होती. माणूस नाही, काणूस नाही, नुसता वारा आणि वाळलेलं गवत. मी टेबलाशी बसले. नळीखाली वाळूची पिशवी ठेवायची असते, ती जरा तिरकी होती, म्हणून बाबा टेबलाच्या पलीकडे जाऊन वाकले आणि ती सरळ करू लागले. पुढे माणूस असताना रायफलला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. तो मला झोपेतही पाठ होता. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की एकदाची अडकू दे. मी गोळ्यांचं मॅगझिन बसवलं. बाबांनी अजून ‘हं’ म्हटलेलं नव्हतं. मी बोल्ट सोडला. तो अडकला नाही. तो खटकन पुढे गेला आणि रायफल उडाली.

पिशवी फुटली. वाळू माझ्या डोळ्यांत गेली आणि मला काही दिसेना. कानात एकच लांब शिट्टी वाजत होती. तिच्यामागून कुठून तरी बाबांचा आवाज आला, “मंजू? मंजू, तू ठीक आहेस?” ज्याच्या हातापासून वीतभरावरून गोळी गेली तो माणूस मला विचारत होता. डोळे पुसले तेव्हा बाबा गुडघ्यांवर बसलेले दिसले. डावा हात त्यांनी उजव्या हातात धरला होता. बोटं पाचही होती. मी ती दोनदा मोजली. हाताच्या पाठीवर मात्र जळक्या दारूचे काळे ठिपके उठले होते. डेलकाकानं माझ्यापुढून रायफल घेतली, रिकामी केली, उघडी करून टेबलावर ठेवली, आणि मग बाबांना हाताला धरून उभं केलं.

बाबा माझ्याकडे वळले. “तू चापाला हात लावलास? मी पुढे असताना?” आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. तेव्हा डेलकाका मध्ये आला. “तिनं भरायची घाई केली, ती तिची चूक. पण तिचं बोट बाहेर होतं. मी तिच्याच हाताकडे बघत होतो. चाप तिनं ओढला नाही.” बाहेर असलेलं बोट आणि उडालेली रायफल, यातून निघणारा अर्थ, की चाप आपोआप सुटला, दोघांनाही कळत होता. “मग चाप तू बसवला होतास,” बाबा म्हणाले. डेलकाकानं टोपी काढली, पुन्हा घातली. “हो,” तो म्हणाला. “मीच बसवला.” मी नको नको म्हणत असताना तूच बसवायला लावलंस, हे तो बोलला नाही.

आमच्याकडे दसऱ्याचं सोनं डेलकाकाच्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाचं असायचं. टेक्ससमध्ये आपटा कुठून आणणार? पान साधारण तसलं दिसतं म्हणून आईनं पहिल्याच वर्षी ते नेमलं होतं, आणि दर दसऱ्याला संध्याकाळी आम्ही डेलकाकाला त्याच्याच झाडाची पानं नेऊन द्यायचो. त्या संध्याकाळी कोणी गेलं नाही. बाबांनी रायफल कपाटात कुलूपबंद केली आणि त्या कपाटाकडे ते नंतर फिरकले नाहीत. आईनं त्यांच्या हाताला हळद-तूप लावलं आणि देवापुढे बसून रडली. तळ्यावर मी गेले नाही. क्रिस्टीचा फोन आला तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते.

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस आहेत. पलीकडून लेथची घरघर येईनाशी झाली. मी गणितं मांडायचे आणि कान कुंपणाकडे ठेवायचे. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज जेवताना बाबांच्या हातावरचे काळे ठिपके दिसले की घास गिळून गप्प बसायचे. भीती वाटायची ती शिक्षेची नाही. बाबा माझ्याकडे पुन्हा कधी पूर्वीसारखं बघणार नाहीत, याची वाटायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं आई भात धुवायला बसली तरी मी दचकायचे.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, डेलकाकाच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं. बाहेर ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर त्याची हत्यारं रांगेनं मांडलेली होती. जो येईल त्यानं न्यावं असा पुठ्ठा बाजूला लावला होता. आई विचारायला गेली आणि पंधरा मिनिटांनी परत आली ती डोळे पुसतच. “तो म्हणतो, माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत. मला कळत नसेल, पण थरथरत असतील. एखाद्या पोरीचा बाप गेला असता माझ्या हातानं. लेथसुद्धा नेणार आहे उद्या कोणीतरी.” बाबा कॉफीचा कप धरून बसले होते. कप खाली ठेवायला त्यांना जागा सापडेना.

मी म्हटलं, “त्यांचे हात ठीक आहेत.” आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. “आई, पूजेच्या वेळी माझ्या हातून अक्षता आत पडल्या. एक दाणा. मला दिसला होता. मी बोलले नाही.” एवढं सांगितलं आणि थांबले. पडल्या म्हणाले, टाकल्या म्हणाले नाही. आई खुर्चीवर बसली. “अगं, ताट मीच दिलं होतं तुझ्या हातात,” ती म्हणाली. “आणि साफ करायलाही मीच अडवलं.” बाबा उठले, किल्ली घेतली आणि गॅरेजमध्ये गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. भिंगाचा दिवा लागला. एकेक भाग टेबलावर ठेवल्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबले आणि ते बराच वेळ नुसते वाकून उभे राहिले. वळले तेव्हा त्यांच्या तळहातावर चापाच्या खटक्यात सापडलेला, चेपलेला, कुंकवाचा डाग असलेला एक दाणा होता.

बाकीचे दोन कुठे गेले, हे विचारायची सोय नव्हती. गोळी उडाली तेव्हा बाहेर पडले असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आई पुन्हा, माझ्यामुळे झालं, म्हणायला लागली तेव्हा बाबांनी तिला थांबवलं. “जी वस्तू तांदळाचा एक दाणा सहन करू शकत नाही, तिच्यात चूक दाण्याची नसते. ती बांधणाऱ्याची असते.” ते माझ्याकडे बघून बोलले, आणि पूर्वीसारखंच बघून बोलले. मला त्या वाक्यानं जितकं रडू आलं तितकं कुठल्याही शिक्षेनं आलं नसतं, कारण ती माफी माझी नव्हती. ती मी चोरली होती.

बाबा घरातल्या चपला घालूनच डेलकाकाकडे गेले आणि मी मागोमाग. डेलकाकानं डोळ्याला भिंग लावून दाणा पाहिला. “तांदूळ?” बाबांनी पूजा समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण अक्षता या गोष्टीचं इंग्रजी काही त्यांना जमेना. डेलकाकानं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तू रायफलच्या पाया पडतोस,” तो म्हणाला, “पण मी सांगतो ते ऐकत नाहीस.” बाबा म्हणाले, “माझं चुकलं, डेल. तुझ्यावर बोललो ते तर फारच चुकलं.” मग ते खाली वाकले. रेडबडची पानं एव्हाना पिवळी होऊन गळली होती. त्यातलं एक धड पान उचलून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं. “दसरा झाला. उशीर झाला. पण सोनं घे.” डेलकाकानं पान शर्टाच्या खिशात ठेवलं आणि ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं. तिघांनी मिळून हत्यारं आत नेली.

मग डेलकाकानं ती रायफल सुधारली. जड चाप, सैल भाग. हलवली की वाजायची आणि नेमही पूर्वीसारखा राहिला नाही. मॅचमध्ये मी कितवी आले ते सांगण्यासारखं नाही. पण पुढची अनेक वर्षं खंडेनवमीला डेलकाका स्वतः यायचा, आईकडून चिमूटभर अक्षता मागून घ्यायचा, रिकाम्या रायफलमध्ये मुद्दाम टाकायचा आणि बोल्ट खटाखट ओढून बघायचा. सगळं सुरळीत चाललं की मग म्हणायचा, “आता करा पूजा.” आईनं त्याच्यासाठी वडे वेगळे, कमी तिखटाचे काढून ठेवलेले असायचे.

डेलकाका जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या दसऱ्याला मी माझ्या ईडन प्रेरीच्या घरून प्लेनोला गेले होते. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. आता पाटावर फक्त विळी आणि त्यांचं कानाचं यंत्र असतं. आई आत होती. बाबांच्या हातावरचे ते ठिपके सुरकुत्यांमध्ये अजून आहेत, आणि ते बघता बघता मी एकदम म्हटलं, “बाबा, तो दाणा पडला नव्हता. मी टाकला होता.”

बाबांनी वाटीतले तांदूळ कुंकवात कालवणं थांबवलं नाही. “दाणा नाही, दाणे,” ते म्हणाले. “तीन होते. चुकून पडतो तो एक, फार तर. तीन एकाच खाचेत टाकावे लागतात.”

मी विचारलं, “मग डेलकाकांना एकच का दाखवला?”

“तो माणूस तुझ्या बोटाच्या बाजूनं उभा राहिला होता. स्वतःवर घेऊन. त्याला कुठल्या तोंडानं तीन दाखवू?”

“आणि बाकीचे दोन?”

“गिळले,” बाबा म्हणाले. “तू दारात उभी होतीस, आणि पूजेचे होते, फेकणार कुठे? तेलाचा वास येत होता त्यांना.”